हळदीचा कागद

नोएडात स्वतःच्या घराचं गवंडीकाम स्वतः करणाऱ्या साठीच्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात, तिची मला आता सवय झाली आहे. शेजारच्या भाभीजी गेटशी थांबून म्हणाल्या, "आप खुद? लेबर नहीं मिल रहा क्या?" या शहरात लेबर मिळत नाही असं कधीच होत नाही. खोड्याच्या लेबर चौकात सकाळी गाडीची काच खाली करायचा अवकाश, मिस्त्री, बेलदार, पुताईवाला, टाइलवाला, सगळे खिडकीशी येतात. पैसे वाचवायचे म्हणूनही मी थापी हातात घेतली नाही. हिशेब मांडला तर माझी हौस महागातच पडली आहे. कारण एवढंच होतं, की आमच्या तळघरातली ओल कशी झाकायची हे सांगायला प्रत्येक जण तयार होता; ती कुठून येते हे मात्र कोणी सांगेना. उभी हयात शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला हे सोसण्यासारखं नव्हतं.

घर आम्ही बांधलेलं नाही. ऐंशीच्या दशकात कुणा सरकारी अधिकाऱ्याने हौसेने बांधलेलं, यमुनेच्या पुश्त्यापासून, म्हणजे पूर अडवणाऱ्या बांधापासून, फार लांब नसलेल्या जुन्या सेक्टरातलं. आम्ही ते नंतर घेतलं, तळघरासकट. दिल्लीच्या माणसाला तहखान्याची ओढ जुनीच. लाल किल्ल्यात तहखाने आहेत, आणि कंपनीचा अधिकारी थॉमस मेटकाफ यमुनेकाठच्या आपल्या बंगल्यात उन्हाळा जमिनीखालच्या खोल्यांतून काढायचा. आमचा तहखाना तसा राजेशाही नव्हता. दीड विटेच्या भिंती, डोक्यावर स्लॅब, रस्त्याच्या बाजूला छताला लागून दोन आडव्या खिडक्या. त्यात बिघडलेला कूलर, मुलाची सायकल, गणपतीच्या मखराचे बांबू आणि सासऱ्यांनी जमवलेल्या मराठी मासिकांचे गठ्ठे. 'सत्यकथा'चे अंक, दिवाळी अंक, सगळं सुतळीने बांधलेलं. ते गठ्ठे नीट लावता येतील अशी एक खोली खाली करायची, एवढीच मूळ योजना.

माझं माहेर सांगलीचं. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, आणि हरिपुरात हळदीची पेवं आहेत. बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. नदी हाकेच्या अंतरावर, आणि त्या जमिनीत पुरुषभर नव्हे तर त्याच्या तिप्पट-चौपट खोल खड्डे, तोंडाशी एक माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, आत पोट सुटलेले. त्यात हळद भरायची, तोंड दगडमातीने लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते, कीड नाही, बुरशी नाही. आत प्राणवायूच उरत नाही, मग कीड जगणार कशावर? म्हणून पेव उघडलं की कोणी लगेच उतरत नाही. तोंड उघडं ठेवतात, कंदील सोडून बघतात, ज्योत टिकली तरच माणूस खाली जातो. व्यापारी बोली करायचे ती पेवातल्या मालावर, वर पावसाने झोडपलेलं असलं तरी. 2005 च्या महापुरात मात्र कितीतरी पेवांत पाणी शिरलं आणि पुष्कळशी कायमची गेली. पण तोवर पिढ्यान्‌पिढ्या ती कोरडी राहिली होती, आणि त्याला ना रसायन होतं ना गॅरंटी. हरिपूरच्या लोकांनी आधी जमीन ओळखली आणि मग खणलं. आम्ही आधी प्लॉटचा नंबर बघितला, मग शाळा किती लांब ते, मग मेट्रो. खालची माती कसली आहे, हा प्रश्न कोणाच्या यादीत नव्हता.

खालची माती नदीची आहे. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, आणीबाणीच्या ऐन भरात, 17 एप्रिल 1976 ला या शहराची स्थापना झाली. गावांची शेतं घेतली, सेक्टर पाडले, रस्ते काटकोनात आखले. वर नकाशा चौकोनी झाला; खाली वाळू, गाळ आणि कंकराचे थर नदीने टाकले तसेच वाकडेतिकडे राहिले. बारीक गाळाच्या मातीतून पाणी केशाकर्षणाने पुष्कळ वर चढतं, जाड वाळूतून फारसं नाही. म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांपैकी एकाचं तळघर खडखडीत आणि दुसऱ्याचं ओलं असू शकतं, आणि त्यात दोघांचाही काही गुण-दोष नसतो.

जुलै 2023 मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुना 208.66 मीटरवर गेली. आधीचा विक्रम 1978 चा, 207.49 चा. नोएडाच्या बाजूला पुश्त्याच्या आतली शेतं आणि फार्महाउसं पाण्यात गेली, गुरं रस्त्यावर आणून बांधली. एनडीआरएफने सोडवलेल्या जनावरांत प्रीतम नावाचा एक कोटीचा वळू होता, आणि चार दिवस सगळ्या सेक्टरात नदीपेक्षा त्याचीच चर्चा जास्त. आमच्या सेक्टरात पाणी आलं नाही. पण त्याच आठवड्यात तळघराच्या पश्चिम भिंतीवरचा रंग फुगला, आणि बोटाने दाबला तर आतून बारीक पांढरी भुकटी सांडली. लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ. सासऱ्यांच्या गठ्ठ्यांतला सर्वांत खालचा उचलला तो तळाशी पिठासारखा सुटला.

मग सल्लागार सुरू झाले. एकाने भिंत ठोकून सांगितलं, आतून रसायनाचे दोन हात मारू, पाच वर्षांची गॅरंटी. दुसऱ्याने सांगितलं, प्लास्टिकचं पॅनेलिंग करा, काही दिसणारच नाही. तिसऱ्याने भिंतीला टाइल लावायचा आग्रह धरला. तिघांचंही बोलणं अतिशय नम्र, आणि तिघांनीही बाहेर जाऊन भिंतीची दुसरी बाजू बघितली नाही. आतून लावलेल्या लेपाची गोष्ट शाळेतल्या मुलालाही कळेल अशी आहे. पाणी बाहेरून दाब देतं. बाहेरच्या अंगाला लेप असेल तर तोच दाब त्याला भिंतीवर दाबून धरतो. आतल्या अंगाला असेल तर तोच दाब त्याला भिंतीपासून सोलून काढायला बघतो. आतून लावायचे चांगले लेपही असतात, नाही असं नाही, पण त्यांना खाली निरोगी भिंत लागते. खाऱ्या, भुगा होत चाललेल्या प्लास्टरवर ते म्हणजे निव्वळ रंगरंगोटी. पुण्या-मुंबईकडे तळघर बांधतानाच खड्ड्यात शहाबादी फरशीची पेटी करतात आणि भिंत तिच्या आत उभी राहते. आमच्या त्या सरकारी अधिकाऱ्याने तसलं काही केलं नव्हतं. आणि उभ्या घराच्या बाहेर आता पेटी कशी करणार?

म्हणून मी आधी दुरुस्ती थांबवली आणि तपास सुरू केला. पहिली चाचणी सोपी. दीड फूट चौरस पॉलिथिनचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि निदान एक रात्र तसाच ठेवायचा. थेंब तुकड्याच्या वरच्या, खोलीकडच्या अंगाला जमले तर ते हवेतून आले. आतल्या, भिंतीकडच्या अंगाला जमले तर भिंतीतून. आमच्याकडे दोन्हीकडे जमले. इथे मुलाने बंगळुरूहून फोनवर सांगितलं, "आई, घरात टीडीएस मीटर आहे ना, मोज." खरंच आहे. नोएडात ज्याच्याकडे थर्मामीटर नसेल त्याच्याकडेही टीडीएस मीटर असतो. नळाला गंगेचं पाणी आणि बोअरचं पाणी मिसळून येतं आणि आरओ विकणाऱ्यांनी घराघरात पाण्याचे क्षार मोजायची भीती पेरून ठेवली आहे. पण भिंतीतून झिरपलेलं पाणी वाटेतले क्षार विरघळवूनच येणार. ते पाणी गळक्या पाइपचं असो की जमिनीचं, मीटर मोठाच आकडा दाखवणार. त्या मीटरने मला काही सांगितलं नाही.

हळदीने सांगितलं. हळदीचं पाणी करून त्यात गाळणकागद बुडवून वाळवायचा, हा आठवीतल्या मुलांचा प्रयोग. मी तो इतक्या वर्गांना करून दाखवला आहे की माझ्या बोटांना त्याचा रंग कायमचा लागलेला असावा. अल्कधर्मी पाणी लागलं की पिवळा कागद लाल होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. सिमेंटमधून झिरपणारं पाणी अल्कधर्मी असतं. हवेतून जमलेलं दव साधारण उदासीन. मी भिंतभर पट्ट्या चिकटवल्या, थेट रंगावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला हाक मारली. पश्चिम भिंतीच्या खालच्या भागात, जमिनीपासून कमरेपर्यंत, पट्ट्या लाल. वरच्या भागात आणि उत्तरेच्या भिंतीवर पट्ट्या भिजलेल्या, पण पिवळ्याच. ही काही प्रयोगशाळेतली पद्धत नव्हे. जुनं प्लास्टर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन अल्कपणा गमावतं, आणि ताज्या प्लास्टरवर तर काहीही लाल होईल. पण त्या भिंतीवर, त्या दिवशी, ओल एक नाही, दोन आहेत, हे डोळ्यांना दिसलं. नवरा म्हणाला, "म्हणजे दोन दुरुस्त्या?" त्याचा स्वर मी इथे लिहीत नाही.

हिवाळ्यात पश्चिम भिंतीचं प्लास्टर उतरवलं. छिन्नी-हातोडीने प्लास्टर काढणं हे काम दिसतं तितकं जडही नाही आणि वाटतं तितकं समाधानाचंही नाही. वरचा थर पापडासारखा सुटतो, पण मध्येच कुठे सिमेंटचा जुना ठिगळ लागतो आणि मनगट बधिर होतं. सगळं 'स्वतः' केलं असं म्हणणं ढोंग ठरेल. मलब्याच्या गोण्या जिन्यावरून वर नेल्या त्या एका बेलदाराने, मजुरी घेऊन. सेक्टर 80 मधल्या प्रक्रिया केंद्राकडे मलबा न्यायला ट्रॉलीवाला बोलावला तो वेगळा. स्वतःच्या हाताने घर दुरुस्त करायची रीत जिथे मजुरी महाग आहे अशा देशांतून आली. तिथे ती गरज होती. आपल्याकडे ती पेन्शनीत निघालेल्यांची चैन आहे, आणि चैन करताना जड गोणी दुसऱ्याच्या पाठीवर असते. हे एकदा मान्य केलं की काम करायला हरकत नाही.

मीठ धुऊन काढायचा मोह होतो. धुतलं की ते पाण्याबरोबर पुन्हा विटेत शिरतं आणि पाणी सुकलं की पुन्हा फुलतं. विटेच्या पोटातच स्फटिक वाढले तर ते विटेचा चेहरा फोडून बाहेर येतात. लोणा भिंत खातो तो असा. म्हणून कोरड्या ब्रशने झाडायचं, भुकटी गोळा करून घराबाहेर टाकायची, चार दिवसांनी पुन्हा झाडायचं. विटा उघड्या पडल्यावर तळघर एकाएकी खरं दिसायला लागलं. विटांमधल्या दर्जा कुठे पोकळ झाल्या आहेत, कुठे मिस्त्रीने अर्धी वीट घालून वेळ मारून नेली आहे, सगळं.

दर्जा भरायला मला शिकवलं ते एका मिस्त्रीने. बुंदेलखंडातला, वयाने माझ्याएवढा, पलीकडच्या गल्लीत कोठी बांधायला आलेला. पहिल्यांदा तो नुसता दाराशी उभा राहून बघत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. मी घमेलं म्हणायचे, तो तसला म्हणायचा. मी ओळंबा मागितला की तो साहुल काढायचा. गुण्या मात्र दोघांचा गुनियाच. प्लास्टरचा पहिला हात मारताना माझा माल भिंतीवरून खाली घरंगळायचा. तो म्हणाला, "बहनजी, हाथ से नहीं, कलाई से." मनगटाच्या झटक्याने माल भिंतीवर 'चटक' असा आवाज करत बसला पाहिजे, आवाज बोदा आला तर मागे हवा राहिली. कितीतरी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून मला जे कळलं नव्हतं ते त्या आवाजाने कळलं. त्याला मी चुन्याबद्दल सांगितलं तेव्हा मात्र तो गंभीर झाला. आतल्या बाजूला सिमेंटचं टणक प्लास्टर नको, चुन्याचं मऊ प्लास्टर हवं, म्हणजे भिंतीतली ओल बाहेर सुकत राहील. मीठ आलं तर प्लास्टर खाईल, वीट वाचेल, आणि काही वर्षांनी तेवढं प्लास्टर पुन्हा करायचं. तो म्हणाला, त्याच्या आजोबांनी सगळं आयुष्य चुन्यात काढलं, त्याने स्वतः एकदाही चुना भिजवलेला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून एक ड्रम चुना भिजत घातला.

2024 च्या जूनमध्ये भिंत अशी कोरडी होती की मी खाली खुर्ची टाकून चहा घेत असे. जुलैत पाऊस आला आणि मी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या, हवा खेळती राहावी म्हणून. भिंती पुन्हा ओल्या झाल्या. या वेळी सगळ्या, उत्तरेची तर घाम आल्यासारखी. शेजारी म्हणाले, बघा, सांगत होतो. पण हे पाणी जमिनीचं नव्हतं. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षाच्या सरासरीइतकं असतं, आमच्याकडे सुमारे 25 अंश. पावसाळ्यातल्या इथल्या हवेचा दवबिंदू त्याच्या आसपास, कित्येकदा वर. म्हणजे दमट हवा गार भिंतीला लागली की पाणी सुटणारच, जसं फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं. आपल्याकडे ओल म्हटली की खिडक्या उघडा, हे आजीपासून ऐकलेलं. वरच्या मजल्यावर ते खरं आहे. खाली, जुलै-ऑगस्टमध्ये, खिडकी उघडणं म्हणजे पाणी आत घेणं. पावसाळाभर खिडक्या बंद, आणि ऑक्टोबरमध्ये कोरडं वारं सुटलं की उघडायच्या. एक जुना एसी ड्राय मोडवर लावला आणि त्याच्या नळीखाली बादली ठेवली. ती बादली रोज किती भरते हे बघून नवरा पहिल्यांदा माझ्या बाजूने झाला.

त्याच जुलैच्या 27 तारखेला, शनिवारी संध्याकाळी, दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात रस्त्यावरचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. तळघर कागदोपत्री सामान ठेवायला होतं. आठवडाभराच्या आत हायकोर्टाने तपास सीबीआयकडे दिला, आणि इथेही तळघरांची तपासणी सुरू झाली. मी ती बातमी खाली वाचली नाही, वर वाचली, आणि मग बराच वेळ खाली गेलेच नाही. इतके महिने मी ओलीशी लढत होते. ओल हा पुस्तकांचा शत्रू. माणसाचा शत्रू जिन्यावरून येतो. भिंतीतून पाणी घागरीने येतं, जिन्यावरून कालव्याने येतं, आणि माझं सगळं लक्ष भिंतीवर होतं.

कागदावर हिशेब केला. दाराच्या एका बाजूला मीटरभर पाणी चढलं, दार 90 सेंटिमीटर रुंद, तर त्यावर साडेचारशे किलोंचा भार. अर्धाच मीटर चढलं तरी एकशेबारा. विशीतला धडधाकट मुलगाही ते दार पाण्याच्या दिशेने उघडू शकत नाही. आमच्या जिन्याच्या तळाशी एक जड सागवानी दार होतं, जिन्याच्या बाजूला उघडणारं, नवऱ्याचं लाडकं. ते मी दुसऱ्याच दिवशी बिजागऱ्यांतून काढलं. त्याच्या जागी काही नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराचं छत भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान 0.9 मीटर आणि फार तर 1.2 मीटर वर हवं असा नियम आहे, म्हणजे हवा-उजेड आत येतो. बांधताना आमचं तसं असेलही. पण रस्ता दर काही वर्षांनी वरून वर नवा थर घेतो, जुना कोणी खरवडत नाही; घर तिथेच राहतं आणि रस्ता चढत जातो. आता आमची गाडी गेटातून उतारावरून खाली येते. तेव्हा जिन्याच्या तोंडाशी विटांचा गुडघाभर उंबरठा बांधला. दोन्ही बाजूंनी सिमेंटचं प्लास्टर, वर कडाप्पा. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळतो आणि मला बोल लावतो. माझ्या हातचं यापेक्षा चांगलं बांधकाम या घरात नाही. विजेचा बोर्ड छातीच्या वर नेला, त्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हे काम वायरमनचं, त्यात हौस केली नाही. कोपऱ्यात छोटा खड्डा करून त्यात फ्लोटवाला पंप, इन्व्हर्टरवर. आणि घरात एक नियम: पाऊस जोरात असेल तर खाली कोणी बसायचं नाही, मासिकं बुडाली तरी चालतील.

पश्चिम भिंतीच्या लाल पट्ट्यांचं उत्तर बाहेर होतं. तिथे भिंतीला लागून केळी-कर्दळीचा वाफा होता, त्याला माळी रोज पाइप लावून ठेवायचा, आणि त्याच्या खाली बागेच्या नळाची जुनी लोखंडी लाइन. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघत बसलं तर काटा हळूच सरकायचा. यमुनेच्या पुराला मी वर्षभर दोष दिला होता. त्याचाही काही वाटा असेल. पण भिंत मुख्यतः आमच्याच पाण्याने भिजत होती. शिवाय या शहरात भूजल खाली-खाली चाललंय. बांधकामाला जमिनीतलं पाणी उपसू नका, असं हरित लवादाला 2013 मध्येच बिल्डरांना बजावावं लागलं. जमीन कोरडी पडत असताना आम्ही आमच्या भिंतीभोवती तेवढं तळं राखलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी वाफा उपटला आणि भिंतीच्या कडेने चर खणायला सुरुवात केली. खोल जायचं, भिंत बाहेरून साफ करायची, तिला बाहेरून लेप द्यायचा, तळाशी छिद्रांचा पाइप आणि खडी घालायची, मग वर माती. एका वेळी थोडाच भाग उघडायचा, नाहीतर भिंतीचा आधार जातो. खालचं खणायला दोन बेलदार, लेप माझा. दिवाळीत काम थांबलं ते साहजिक. पुन्हा सुरू झालं आणि हवा काळी पडली. 15 नोव्हेंबरला ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषण रोखायच्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागला, 18 ला चौथा. खोदकाम बंद, रेती-बदरपूर ताडपत्रीखाली, शाळा ऑनलाइन. आतली किरकोळ, धूळ न उडवणारी कामं नियमात बसतात. चर बसत नाही. अर्धा चर उघडा आणि आत भिंतीचा एक तुकडा लेप लावलेला, एक तुकडा नागडा. मला चिडायचा हक्क होता की नाही मला माहीत नाही. मिस्त्री एकदा येऊन पायरीवर बसला. चौकात उभं राहून रोज परत जातोय म्हणाला. माझं थांबलेलं काम म्हणजे माझी गैरसोय होती. त्याचं थांबलेलं काम म्हणजे त्या दिवसाचं पीठ. सरकारी मदत नोंदणी झालेल्या मजुरांना. त्याची नोंदणी गावाकडे कुठेतरी अडकली होती. हवा आम्ही दोघं एकच घेत होतो, तो उघड्यावर जास्त. तेवढे दिवस मी त्याला आतल्या दर्जा भरायला बोलावलं, आणि 'स्वतः'चा हट्ट तिथे गुंडाळून ठेवला. त्याच्या दर्जा आणि माझ्या दर्जा शेजारी-शेजारी आहेत. कुठून कुठपर्यंत कोणाच्या, हे आंधळ्यालाही हात फिरवून कळेल.

चर पुरा व्हायला 2025 उजाडलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात यमुना पुन्हा 207 मीटरच्या वर गेली. मी दिवसातून कितीदा तरी खाली जाऊन येत होते. पश्चिम भिंत कोरडी राहिली. नैऋत्येचा कोपरा, जिथे शेजारच्यांची सांडपाण्याची चेंबर भिंतीला जवळजवळ चिकटून आहे, तो मात्र गडद झाला. तिथे बाहेरून जाता येत नाही, कारण बाहेरची बाजू आमची नाही. भाभीजींशी बोलणी चालू आहेत. त्या म्हणतात, तुमचा हा कोपरा बघायचा तर आमचा पोर्च फोडावा लागेल. त्यांचं चूक नाही.

रॅक भिंतीपासून वीतभर सोडून उभे केले आहेत, आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवायचा असं ठरलं. नवऱ्याला तो कप्पा रिकामा बघवत नाही. तो अधूनमधून तिथे काहीतरी सरकवतो, मी ते काढते. गठ्ठे सोडून अंक उन्हात घालून, कसर झाडून, वरच्या कप्प्यांत लावले. तळाशी भिजलेला तो एक गठ्ठा वाचला नाही.

नैऋत्येच्या कोपऱ्यात नेमकी कुठली ओल आहे, जमिनीची की हवेची, हे बघायला मी परवा पुन्हा हळदीचे कागद केले. पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि पाच मिनिटांत सगळ्या लाल, कोरड्या म्हणवणाऱ्या भिंतीवरच्यासुद्धा. मग लक्षात आलं, आता सगळीकडे चुनाच आहे. मिस्त्रीला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "तो बहनजी, अब हाथ लगाकर देखो." ते करतेच आहे. भाभीजींचा पोर्च या उन्हाळ्यात फुटतो की पुढच्या, हे त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या तारखेवर आहे.